किन्वा राहू दे, आधी किराण्याची यादी काढा

प्रश्न : डोंबिवलीहून एका वाचक ताईंचं चार पानी पत्र आलंय. वय ४२, नोकरी दहा ते सहा. घरात पाच माणसं : नवरा (४६), सासूबाई (७२), अकरावीतला मुलगा, सहावीतली मुलगी आणि त्या स्वतः. दोन महिन्यांपूर्वी नवऱ्याचं एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, "गोळी नको, खाणं सांभाळा, तीन महिन्यांनी परत बघू." तेव्हापासून त्यांनी व्हिडिओ बघून स्वयंपाक बदलायला घेतला. नवऱ्याला किन्वा नावाचं परदेशी धान्य, ओट्स, चियाचं बी आणि ऑलिव्ह ऑइलमधल्या भाज्या. सासूबाईंना नेहमीचा वरणभात. मुलांच्या डब्याला तिसरंच काही. त्यासाठी पहाटे पाचला उठतात. नवरा म्हणतो, "हे गवत नको." सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." मुलगा जिमला जातो, त्याला प्रोटीन पावडर हवी आहे. स्वतः सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या भाजीबरोबर दोन पोळ्या आणि कपभर चहा घेतात. महिन्याचा खर्च तीन-साडेतीन हजारांनी वाढला, म्हणून किराण्याची यादीही जोडली आहे. विचारतात : हेल्दी स्वयंपाक परवडेल असा कसा करायचा? गहू बंद करायचा का? साखरेऐवजी गूळ चालेल का? एअर फ्रायर घ्यावा का? आणि "मी कुठे कमी पडतेय?" शेवटी ता.क. : "माझंही हिमोग्लोबिन ९.१ आहे, पण ते पहिल्यापासून कमीच असतं."

ताई,

चार पानांत नवऱ्याचं जेवण आलं, मुलाचं आलं, सासूबाईंचंही आलं. तुमच्याबद्दलची ओळ ताजा कलमात गेली. मी मात्र तिथूनच सुरुवात करणार आहे, कारण तुमच्या घरात आज ज्या माणसाला उपचार हवेत ते माणूस तुम्ही आहात, तुमचे मिस्टर नाहीत.

त्यांचं ६.१ हे मधुमेहाच्या अलीकडचं आहे. ५.७ ते ६.४ हा उंबरठा मानतात आणि डॉक्टरांनी त्यांना तीन महिने दिलेत ते विचार करूनच. तुमचं ९.१ मात्र अलीकडचं-पलीकडचं काही नाही. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. तुम्ही त्याच्या मधल्या पायरीवर आहात. "पहिल्यापासून कमीच असतं" हे आपल्याकडे इतक्या घरांत ऐकू येतं की तो कुणाला आजार वाटतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. पुरुषांत हेच प्रमाण २५ टक्के. घर तेच, चूल तीच, भाजीही तीच. तरी एवढा फरक. पाळीत जाणारं रक्त हे त्याचं मोठं कारण खरंच, पण शेवटी जेवणारं, उरलंसुरलं खाणारं माणूस कोण असतं हेही तुम्ही-आम्ही जाणतोच.

तेव्हा पहिलं काम : या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, स्वतःसाठी. तुमच्या वयात पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, तर आधी त्याचं कारण शोधावं लागतं. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा त्यावरून कळतो) आणि बी-१२ तपासायचं का, तेही विचारा. बी-१२ जवळपास सगळं दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. दूध चहापुरतं आणि अंडी कधीमधी असं असेल, तर ते कमी भरण्याची शक्यता असते. लोहाच्या गोळ्या दिल्या तर चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्या. पोट बिघडलं तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात. आणि हिमोग्लोबिन वर आलं म्हणून लगेच सोडू नका. शरीरातला साठा भरायला पुढे काही महिने लागतात.

आता तो जेवणाबरोबरचा चहा. तो चहा आणि जेवण यांत अंतर पाडलंत, तरी बरंच काही साधेल. चहातली टॅनिन्स भाजी-डाळीतलं लोह अंगी लागू देत नाहीत, म्हणून जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनंही सांगितलंय. त्याऐवजी ताटात लिंबाची फोड घ्या आणि खरोखर पिळा. आपल्याकडे ती बऱ्याचदा ताटाची शोभा म्हणून येते आणि तशीच उचलून जाते. लिंबू, आवळा, पेरू, कच्ची कोबी, टोमॅटो यांतलं क जीवनसत्त्व त्याच पालेभाजीतलं लोह जास्त शोषायला मदत करतं. तांदुळजा, माठ, शेवग्याचा पाला, अळीव, लोखंडी कढईत केलेली भाजी, हे सगळं चांगलं. बीट आणि डाळिंबाबद्दल मात्र भाबडी समजूत आहे. रंग लाल म्हणून रक्त वाढत नाही, डाळिंबात लोह अगदीच थोडं असतं. आवडतं म्हणून खा, औषध म्हणून नको. आणि ९.१ वरून वर यायला नुसतं खाणं पुरणार नाही, हेही स्पष्टच सांगते.

हे झालं. आता तुमची यादी.

तुम्ही ती खर्च दाखवायला पाठवलीत, पण मला त्यात वेगळंच दिसलं. वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पाच माणसांच्या या घरात महिन्याला तेल ७ लिटर, साखर ५ किलो, तूरडाळ ३ किलो, मूगडाळ १ किलो, मटकी अर्धा किलो, शेंगदाणे १ किलो येतात. त्याखाली नवीन पाहुणे : किन्वा, चिया, ओट्स, ऑलिव्ह ऑइल, बदाम, "मल्टिग्रेन" बिस्किटं.

राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २००० उष्मांकांचं एक नमुना ताट आहे : दिवसाला माणशी धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलि, दाणे-सुकामेवा-तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. प्रत्येकाची गरज थोडी वेगळी, पण हिशोबाला ही मापं बरी पडतात. पाच माणसं आणि तीस दिवस धरून मी गुणाकार केला.

तेल माणशी २७ ग्रॅम म्हणजे महिन्याला सुमारे साडेचार लिटर, तेही तूप-लोणी धरून. तुमच्याकडे येतं ७ लिटर, तूप वेगळं. म्हणजे ऑलिव्ह की शेंगदाणा हा वादच पुढचा, आधी अडीच लिटर कुठे मुरतंय ते बघा. साखर ५ किलो म्हणजे रोज माणशी ३३ ग्रॅम. वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी म्हणतात, त्यात बिस्किटं, सॉस, बाहेरचा चहा सगळं आलं. आणि डाळी? ८५ ग्रॅमच्या हिशोबाने महिन्याला पावणेतेरा किलो व्हायला हव्यात. तुमच्या होतात साडेचार. माणशी रोज ३० ग्रॅम, त्यातून प्रथिनं मिळतात सातेक ग्रॅम.

म्हणजे घरात कमी काय पडत होतं? डाळ. आणि आपण आणलं काय? चिया.

यात तुमचा दोष नाही. आपलं वरण पातळ होत जातं ते हळूहळू. डाळ महागली की वाटीतली अर्धी मूठ कमी होते, पाहुणा आला की पाणी वाढतं, आणि पिवळा रंग तर तसाच दिसतो. कुकर उघडल्यावर एकदा बघा, शिजलेली डाळ पळीतून धपकन पडते की सरळ वाहते. वाहत असेल तर ते चवीचं पाणी आहे.

पावणेतेरा किलो एकदम आणा असं मी म्हणणार नाही. खर्च वाढेल, पोटं बिघडतील, आणि तुमच्याकडे आठवड्यातून दोनदा अंडी आणि रविवारी मासे होतात, ते त्यातून थोडं वजा जातं. पुढच्या महिन्यात आठ किलो होऊ द्या. डाळी सहा, बाकी मटकी, मूग, हरभरे, चवळी, थोडं कुळथाचं पीठ. शेंगदाणे दोन किलो. किन्वा, चिया, ऑलिव्ह ऑइल आणि ती बिस्किटं यादीतून खोडलीत की यातला मोठा भाग तिथेच निघेल. किन्वा वाईट आहे असं नाही. पेरू-बोलिव्हियातल्या डोंगराळ भागातल्या लोकांचं ते घरचं धान्य, त्यांना ते तसंच आहे जशी सोलापूरकरांना ज्वारी. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे किन्वाचं वर्ष म्हणून साजरं केलं आणि २०२३ भरडधान्यांचं. दहा वर्षांच्या अंतराने आपल्या ज्वारी-बाजरी-नाचणीचाही नंबर लागला म्हणायचा. ओट्स राहू द्या, कोलेस्टेरॉलसाठी ते खरंच बरे. फक्त साधे आणा, मसाल्याच्या पुडीचे नकोत, त्यात मीठ फार असतं.

तेलासाठी एक सोपी युक्ती. रोज सकाळी दीडशे मिलि तेल छोट्या बरणीत काढून ठेवा. पाच माणसांचा दिवसभराचा कोटा तेवढाच. फोडणी, पोळीचं तेल, थालीपिठाभोवती सोडायचं तेल, सगळं त्यातूनच. तूप घ्यायचं असेल त्या दिवशी तेवढं तेल कमी काढा. पहिले चार दिवस संध्याकाळी बरणी रिकामी होईल आणि चिडचिड होईल. मग हात आपोआप आखडतो. किटलीतून धार सोडण्याची सवय मोडायला याहून सोपा उपाय मला ठाऊक नाही. तळण बंद करायची गरज नाही. ज्या दिवशी भजी त्या दिवशी भजी, पण उरलेलं तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. फोडणीत घालून लवकर संपवा.

आता तीन वेगळ्या स्वयंपाकांचं. उंबरठ्यावरच्या मधुमेहाला लागतं ते जेवण म्हणजे घट्ट डाळ-उसळ, भरपूर भाजी, कोशिंबीर, बेताची भाकरी-पोळी, थोडा भात, गोड क्वचित. हे जेवण अकरावीतल्या मुलाला नको आहे का? सहावीतल्या मुलीला, जिची पाळी वर्षा-दोन वर्षांत सुरू होईल? सासूबाईंना? तुम्हाला? "पथ्याचं वेगळं" ही कल्पना हॉस्पिटलमधून घरात आलीय, घराला ती लागू नाही. पातेलं एकच ठेवा, फरक वाढताना करा.

मटकीच्या उसळीचंच बघू. शनिवारी रात्री अर्धा किलो मटकी भिजत घाला, रविवारी सकाळी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधा, वर डबा उपडा घाला. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, पावसाळ्यात थोडं थांबावं लागतं आणि वास येत नाही ना ते बघावं लागतं. फुगून ती दुपटीहून जास्त होते. अर्धी सोमवारी, उरलेली फ्रीजमध्ये बुधवारसाठी. मोड आल्यावर लोहाला अडकवून ठेवणारं फायटेट कमी होतं, आणि कोरड्या कडधान्यात जवळपास नसलेलं क जीवनसत्त्वही थोडं तयार होतं. उसळ कांदा-टोमॅटो-गोडा मसाल्यावर एकदाच करा. मिस्टरांना दोन डाव उसळ, एक भाकरी, कोशिंबीर. सासूबाईंच्या वाट्याची दोन शिट्ट्या जास्त देऊन थोडी घोटून, भाताबरोबर. मुलांना वर कांदा, लिंबू आणि चिमूटभर फरसाण, त्यांच्या भाषेत मिसळ. तुमच्यासाठी भरलेली वाटी, उरली तर नव्हे, पहिल्या वाढीतच. गॅस एकदाच पेटला.

मिस्टरांना एक सांगायचं. ताटात आधी कोशिंबीर-उसळ अर्धी संपवा, मग भाकरीला हात लावा. भाज्या आणि प्रथिनं आधी पोटात गेली की पिष्टमय पदार्थांमुळे साखर तितकी उसळत नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं इमारतीच्या आवारात फेऱ्या. रात्री सव्वानऊला घरी येऊन दहाला जेवतात असं तुम्ही लिहिलंय. लोकलचं वेळापत्रक तुमच्या हातात नाही, पण सहा वाजताची भूक आहे. स्टेशनबाहेरचा वडापाव त्या भुकेचा आहे. बॅगेत मूठभर फुटाणे-शेंगदाणे किंवा एक पेरू गेला, तर दहाचं जेवणही आपसूक हलकं होतं. आणि दिवसाचे चार चहा, प्रत्येकी दोन चमचे. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर चाळीस ग्रॅम साखर चहातच झाली. इथे किन्वाने काय होणार? दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जीभ महिनाभरात सरावते.

गूळ नाही चालणार. म्हणजे चवीला जरूर चालेल, पण साखरेचा हिशोब चुकवायला नाही. गूळ, मध, खडीसाखर, रक्तातल्या साखरेला सगळे सारखेच. गुळाची पोळी संक्रांतीला खावी आणि ती गोड आहे हे मान्य करून खावी. जाता जाता, कोशिंबिरीत आणि भाजीत घालायची ती चिमूटभर साखर. पुण्याच्या वाचकांची नाराजी पत्करून सांगते, ती नसली तरी चालतं.

गहूही बंद करू नका. एक वेळ पोळी, एक वेळ भाकरी इतकं पुरे. ज्वारीत जादू नाही. तीन भाकऱ्या आणि पातळ आमटी खाल्ली तर साखर वाढणारच. फायदा असा की भाकरीला तेल लागत नाही, पोटात ती बराच वेळ टिकते आणि तिच्याबरोबर आपोआप पिठलं, ठेचा, उसळ, पालेभाजी ताटात येते. नाचणीची भाकरी आठवड्यातून दोनदा कराच, कॅल्शियमला तिच्यासारखं धान्य नाही. मुलीला आणि सासूबाईंना दोघींनाही हवी.

"भाकरी थापता येत नाही, फुटते" असं तुम्ही लिहिलंय. यात बहुतेक वेळा चूक हाताची नसते, पिठाची असते. पिशवीतलं, महिना-दोन महिने दुकानात पडून राहिलेलं ज्वारीचं पीठ विरी जाऊन, म्हणजे चिकटपणा गमावून बसतं. त्याच्या भाकरीला कडेने तडे जाणारच. गिरणीतून दहा-बारा दिवसांपुरतं ताजं दळून आणा. आणि थापूच नका. उकड काढा. पिठाइतकंच पाणी चिमूटभर मीठ घालून उकळा, खळखळ उकळी आली की गॅस बंद करून पीठ एकदम घाला, लाटण्याच्या टोकाने ढवळा, झाकून दहा मिनिटं ठेवा. मग हात ओला करून गरम असतानाच तळहाताच्या मुळाने रगडून मळा, लोण्यासारखा गोळा होईपर्यंत. हा गोळा पोळीसारखा लाटता येतो. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकत आलं की उलटा, आणि दुसरी बाजू भाजली की थेट आचेवर. टम्म फुगते. अशी भाकरी डब्यातही मऊ राहते, सासूबाईंच्या कवळीलाही सोसते.

चिरंजीवांच्या पावडरीबद्दल. स्नायू कमावायला प्रोटीन पावडरी घेऊ नयेत असं त्याच २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय. त्याच्या वयाला दिवसाला पंचावन्न ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. दोन अंडी (१२), पेलाभर दूध (८), मूठभर शेंगदाणे (७), घट्ट उसळीची वाटी (८), घट्ट वरण (६), पाच पोळ्या (१५). बेरीज त्यालाच करू द्या, जिममधल्या दादापेक्षा स्वतःच्या बेरजेवर त्याचा विश्वास जास्त बसेल. नूडल्स पूर्ण बंद करायला जाऊ नका, घरात नसल्या तर तो बाहेर खाईल. आठवड्यातून एकदा, अर्धी मसाल्याची पुडी, त्यात मटार-गाजर आणि अंडं. त्याला पाकीट वाचायलाही शिकवा. घटक पदार्थांच्या यादीत जे सगळ्यात जास्त ते पहिलं लिहावं लागतं. तुमच्या "मल्टिग्रेन" बिस्किटांवर पहिलं नाव कशाचं आहे ते बघून त्यालाच घरात जाहीर करू दे.

सासूबाईंच्या "आमच्या वेळी" वर थोडं. त्या म्हणतात त्यात तथ्य आहे. भाजणी, मेतकूट, शेंगोळे, मुगाच्या डाळीचं धिरडं, तांदुळजाची गरगटी भाजी, या सगळ्या गोष्टी त्यांच्या हातात आहेत आणि व्हिडिओतल्यांना त्या माहीतही नाहीत. भाजणीत ज्वारी-बाजरीच्या जोडीला हरभरा आणि उडीद असतात, तुमची डाळीची तूट एका थालीपिठात थोडी भरून निघते. त्यांच्याकडून चार किलो भाजणी करवून घ्या, त्यांनी सांगायचं आणि नातवाने भाजायचं. पण त्यांच्या वेळी पाणी खांद्यावरून यायचं, बाजार पायी व्हायचा, साखर सणाला लागायची. आणि त्यांच्याही वेळी सून शेवटी, उभ्याने, खरवडून जेवायची. ते जुनं पुढे चालवायचं कारण नाही. आपल्या मुलाच्या, म्हणजे मिस्टरांच्या ताटात त्या जास्तीचा भात वाढतात ते मायेपोटी, तिथे तुम्ही वाद घालू नका. "डॉक्टरांनी सांगितलंय" हे मिस्टरांनी स्वतःच्या तोंडाने आईला सांगायचं. आजार त्यांचा, आई त्यांची. (सासूबाईंना किडनीचा त्रास असेल तर त्यांच्या डाळी वाढवण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. ही सूचना सगळ्याच वाचकांना.)

आणि तुम्ही कुठे कमी पडताय? पत्रात शोधलं, सापडलं नाही. कमी पडतायत ती माणसं, कामाला. एचबीएवनसी एकाचं वाढलं आणि पाचला उठायला लागलं दुसरंच माणूस, हे गणित मला पटत नाही. मेथीची जुडी टीव्हीसमोर बसून निवडता येते आणि त्याला बाईच लागते असं कुठे लिहिलेलं नाही. स्टेशनवरून येताना पालेभाजी आणायची, रात्री कडधान्य भिजत घालायचं, ही दोन कामं मिस्टरांची करून टाका. कोशिंबीर अकरावीतल्या मुलाची : काकडी चोचवायची, दाण्याचं कूट, लिंबू, मीठ, पाच मिनिटांचं काम. कूट रविवारी मुलीने मिक्सरमधून काढायचं. पहिले पंधरा दिवस काकडी जाड चिरलेली येईल, भाजीत दांडे राहतील. तुम्ही उठून नीट करायला जाऊ नका, सगळं तिथेच फिसकटतं.

रात्रीची पाच ताटं एकदम वाढा. पाचवं तुमचं, त्यात भाजी इतरांच्याइतकी. गरम पोळ्या हव्यात म्हणून एक माणूस ओट्याशी उभं राहतं. भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवल्या तर कुणाचं काही अडत नाही. कोमट भाकरीने कुणी आजारी पडल्याचं ऐकिवात नाही.

मिस्टरांची तपासणी तीन महिने पूर्ण झाल्यावरच करा, एचबीएवनसीमध्ये मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते, दर पंधरवड्याला बघून उपयोग नसतो. तोवर वजन आणि कमरेचा घेर महिन्यातून एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. त्याच चौकटीत तुमचं हिमोग्लोबिनही, डॉक्टर सांगतील त्या तारखेला.

एअर फ्रायरचं राहिलं. तुमच्याकडे तळण महिन्यातून दोन-तीनदा होतं असं यादीवरून दिसतं. तेल जातंय ते फोडणीत, आणि फोडणी एअर फ्रायरमध्ये होत नाही. आप्पेपात्र माळ्यावर असेलच, कोथिंबिरीच्या वड्या आणि बटाटेवडे त्यात थेंबभर तेलावर छान होतात. त्यातूनही घ्यायचा असेल तर घ्या, पण आधी तुमच्या तपासण्या, मग तो.